सेवा पुरवल्याचे ठिकाण

अर्जातला चौदावा रकाना मी सहा वर्षं भरते आहे.
पहिल्यांदा शाईने लिहिलं होतं: कोची बंदर.
तिथेच घोडं अडलं.

जहाजाचा झेंडा पनामाचा, मालक ग्रीक,
खलाशी सगळे फिलिपिनो, नांगर आमच्या चिखलात.
शिहाबुद्दीन खरवडणी घेऊन
त्याच्या पोटाखाली उतरला
आणि चार दिवस शिंपले काढत राहिला,
ताकासारख्या पाण्यात,
जिथं स्वतःचा हातसुद्धा
दिसण्याआधी लागतो.

दिल्लीचं पत्र आलं आठ महिन्यांनी.
सदर सेवा देशाबाहेर गेलेली नाही.
शिवाय रक्कम रुपयांत आली,
विलिंग्डन बेटावरच्या एजंटाकडून.
शिवाय आयात-निर्यात कोड एकोणीस तारखेचा
आणि काम आठ तारखेचं.
त्रेस्यम्मांनी चष्मा काढून पदराला पुसला,
पुन्हा लावला. पत्र तेच होतं.

त्रेस्यम्मा म्हणजे मालकीण.
दोन कॉम्प्रेसर, एक होडी, सात पाणबुडे.
चार लाख साठ हजारांची स्क्रिप येणार
म्हणून तिसरा कॉम्प्रेसर
त्यांनी आधीच हप्त्यावर उचलला होता.
बाजारात तुरी.
मी हिशेब ठेवते, मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

एर्नाकुलमच्या कोर्टात
सरकारी वकील हसतमुख, तरुण.
म्हणाला, तळ घासला तो इथल्या पाण्यात,
घाण पडली ती इथल्या पाण्यात,
मग बाहेर गेलं काय?
पाणी मुरतंय ते इथेच, माय लॉर्ड.
हशा झाला.

आमचे कोशी वकील परिशिष्टं चाळत राहिले.
माझ्या जिभेवर होतं:
बाहेर गेलं ते जहाज, साहेब.
हलकं होऊन गेलं.
रोजचं दीड टन तेल कमी पीत
ते कोलंबो ओलांडून गेलं,
त्या वेगातला थोडा वेग आमचा आहे.
पण हिशेबनिसाला कोर्टात तोंड नसतं,
मांडीवर पिशवी असते.

न्यायाधीशबाईंनी विचारलं,
तो पाणबुड्या आलाय का?
शिहाबुद्दीन उठला,
डावा कान गेलेला, म्हणून उजवा पुढे करून.
काम कुठे केलंत?
खाली.
खाली म्हणजे कुणाच्या हद्दीत?
तो इतका वेळ गप्प राहिला
की पंख्याची कुरकुर ऐकू आली.
मग म्हणाला, हद्द हाताला लागत नाही.
लोखंड लागतं.
लोखंड संपलं की चिखल.

निकालाच्या सतरा पानांत हे वाक्य नाही.
शेवटच्या पानावर आहे:
प्रकरण समितीकडे फेरविचारार्थ परत.
रुपयांबद्दल अर्जदाराचं म्हणणं ऐकावं.
त्या अकरा दिवसांबाबत आम्ही मत देत नाही.

जिंकलो का गं, त्रेस्यम्मांनी पायरीवर विचारलं.
म्हटलं, हरलो नाही.
त्या म्हणाल्या, बँकेला हेच सांगू का?

ती योजना मध्यंतरी बंदही पडली.
जुने अर्ज तेवढे चालू आहेत,
आमचा त्यातला एक.
कागदावर होतं तेव्हा काहीतरी लिहिता यायचं.
आता चौदाव्या रकान्यात यादी उघडते,
दोनच ओळींची:
भारतात.
भारताबाहेर.

खिडकीतून होडी दिसते.
शिहाबुद्दीन आज लायबेरियाच्या जहाजाखाली आहे.
वर अनस नावाचं पोर दोरी धरून बसलंय,
एक झटका म्हणजे ढील दे,
दोन म्हणजे ठीक आहे,
तीन अजून कधी आलेले नाहीत.

मी बाण दोन ओळींच्या मधोमध ठेवते
आणि चहा संपवते.
पडद्यावर येतं: आपली मुदत संपली आहे,
कृपया पुन्हा आत या.